आकाशमार्गी धर्मगुरू : फादर पौल शुल्टे

आमच्या धर्मग्रामाचा इतिहास, जुन्या धर्मगुरूंची नामावली आणि देवळाच्या बांधकामाची हकीकत ह्या ज्युबिलीच्या स्मरणिकेत अन्य लेखकांनी सांगितली आहेच. आम्ही वाचकांस थोडे दूर नेणार आहो. ज्यांची कथा येथे सांगावयाची, ते आमच्या देशी कधी आले नाहीत, त्यांनी आमची भाषा ऐकली नाही, आणि त्यांच्या कार्याचा मुलूख असा की, तेथे भाताचे रोप तर राहोच, पण झाडही उगवत नाही. तेव्हा अशा माणसाचा आमच्या ज्युबिलीशी संबंध काय, असे कोणी विचारल्यास तो अयोग्य प्रश्न म्हणता येणार नाही.

संबंध आहे तो एका जुन्या काळजीचा. आमची वडीलधारी मंडळी सांगत असत की, पावसाळ्यातील रात्री एखाद्या वाडीवर कोणी अत्यवस्थ झाला, म्हणजे घरचा एक माणूस धर्मगुरूंस आणावयास धावे आणि बाकीची मंडळी रोगशय्येभोवती गुडघे टेकून रोझरी म्हणत बसत. ओढा भरून वाहत असे. बांध फुटलेले असत. पुढे कंदील व घंटा घेऊन चालणारा माणूस आणि मागून पवित्र कोमुन्यांव छातीशी धरून चिखल तुडवीत येणारे धर्मगुरू, ह्यांची वाट पाहताना त्या घरी एकच प्रश्न असे : वेळेवर पोचतील ना? कधी ते पोचत. कधी पोचेपर्यंत सारे संपलेले असे. हा एकच प्रश्न ज्या माणसाने जन्मभर उराशी बाळगला आणि त्याच्या उत्तरासाठी युद्धात शिकलेली विद्या कामी लावली, ते हे फादर पौल शुल्टे. सन १९७५ मध्ये ते निवर्तले. त्यांस जग ‘उडते धर्मगुरू’ म्हणून ओळखत असे.

प्रथम त्या विद्येविषयी दोन शब्द. पहिले महायुद्ध सन १९१४ मध्ये सुरू झाले, तेव्हा विमान हे यंत्र अवघ्या अकरा वर्षांचे होते. चार वर्षांच्या त्या संहारात ते झपाट्याने वयात आले. कापड, लाकूड व तारा ह्यांच्या त्या सांगाड्यांत बसून युरोपातील तरुण एकमेकांस आकाशात गाठून मारू लागले. सन १९१८ मध्ये युद्ध थांबले तेव्हा विमान चालविण्याखेरीज दुसरे काहीच न शिकलेले शेकडो जवान घरी परतले, आणि त्यांच्या ह्या विद्येला गिऱ्हाईक उरले नाही. जर्मनीस तर व्हर्सायच्या तहाने हवाई दल बाळगण्याचीही मनाई झाली.

त्यांपैकी कित्येकांनी कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्याची वाट धरली. तेथे रस्ते नव्हते, लोहमार्ग नव्हता; परंतु सरोवरे अगणित होती, आणि विमानाच्या चाकांऐवजी खाली पोकळ तरंगते पाय बसविले की सरोवर हाच विमानतळ होत असे. हिवाळ्यात तेच सरोवर गोठे, मग तरंगते पाय काढून लाकडी घसरपट्ट्या बसवावयाच्या. असे रानोमाळ उडणाऱ्यांस तिकडे ‘बुश पायलट’ म्हणतात. विल्फ्रिड मे हा त्यांतील एक नामांकित. ता. २१ एप्रिल १९१८ रोजी जर्मनीचा सुप्रसिद्ध लढवय्या वैमानिक रिख्टहोफेन ज्या नवशिक्या शत्रूचा पाठलाग करीत असता मारला गेला, तो नवशिका म्हणजे हाच मे. पुढे डिसेंबर १९२८ मध्ये फोर्ट व्हर्मिलियन ह्या दूरच्या ठाण्याकडे घटसर्पाची साथ उद्भवली. लस मागविणारा निरोप घसरगाडीतून तारघरापर्यंत येण्यातच बरेच दिवस गेले होते. मे व त्याचा सोबती हॉर्नर ह्यांनी एडमंटनहून उघड्या बैठकीच्या लहानग्या विमानातून, अंग गोठविणाऱ्या थंडीत ती लस नेली. लस गोठू नये म्हणून तिच्याजवळ कोळशाची लहान शेगडी ठेविली होती. लाकूड-कापडाच्या विमानात पेटती शेगडी! पण दुसऱ्या दिवशी लस पोचली.

मे हा विजयी पक्षाचा. फादर शुल्टे पराभूत पक्षाचे. दोघांची विद्या एकच, आणि युद्धानंतर दोघांनी ती एकाच कामी लावली, इतके साम्य आम्हांस पुरेसे वाटते.

पौल शुल्टे हे जन्माने जर्मन. महायुद्धात ते आपल्या देशाच्या बाजूने सैन्यात होते व तेथेच वैमानिक झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी गणवेश उतरविला आणि ‘निष्कलंक मरियेचे ओब्लेट’ ह्या संघात राहून याजकपदाची दीक्षा घेतली. हा संघ संत युजीन द माझेनोद ह्यांनी सन १८१६ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण भागात स्थापिला. आमच्या शेजारच्या सिंहलद्वीपात ओब्लेट धर्मगुरू सन १८४७ पासून आहेत. कॅनडाच्या बर्फाळ मुलखात आणि आफ्रिकेच्या वाळवंटात, म्हणजे जेथे जावयास इतर कचरत तेथे, ह्या संघाने आपली माणसे धाडली.

शुल्ट्यांचे ह्याच संघातील एक जिवलग मित्र होते, फादर ओटो फुरमान. ते मिशनकार्यासाठी नैर्ऋत्य आफ्रिकेत गेले. तो प्रांत पूर्वी जर्मनीच्या अमलाखाली होता. आज त्यास नामिबिया म्हणतात. अफाट, कोरडा, विरळ वस्तीचा देश. एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यास जावयाचे तर दिवसांचे हिशेब करावे लागत. सन १९२५ मध्ये फादर फुरमान तेथे तापाने आजारी पडले. रोग असाध्य नव्हता. वैद्य होता, पण दूर होता, आणि रोग्यास त्याच्यापर्यंत वेळेवर नेईल असे वाहन नव्हते. ऐन उमेदीत ते वारले.

त्याच वर्षी रोममध्ये पोप अकरावे पायस ह्यांनी जगातील सर्व मिशनांचे मोठे प्रदर्शन भरविले होते आणि पवित्र वर्षाच्या निमित्ताने आलेले लक्षावधी यात्रेकरू ते पाहत होते. एकीकडे ते वैभव आणि दुसरीकडे गाडी नसल्यामुळे प्राणास मुकलेला एक तरुण धर्मगुरू. युरोपच्या रस्त्यांवरून मोटारी धावत होत्या. बर्लिनहून विमाने नित्य उडत होती. माणसे मारण्यासाठी सरकारे हजारो विमाने बांधू शकतात, आणि माणूस वाचविण्यासाठी ख्रिस्ताच्या सेवकापाशी एक जुनी मोटारगाडीही असू नये, हा विचार विमान चालवू जाणणाऱ्या मित्राच्या मनास किती झोंबला असेल, हे सांगावयास नको.

शुल्टे शोक करीत बसले नाहीत. सन १९२७ मध्ये त्यांनी जर्मनीत एक संस्था उभारली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेऊन तिला ‘मिवा’ म्हणतात. मिशनांस वाहने पुरविणे हे तिचे एकच काम : जमिनीवर मोटार, पाण्यावर नाव, आकाशात विमान. तिचे लॅटिन ब्रीदही तेच सांगते की, ख्रिस्ताच्या भेटीस भूमीवरून, समुद्रावरून आणि वायुमार्गाने जावे. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोपमहाराजांनी लिझ्यूच्या संत तेरेजा हिला मिशनांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. जी मठाच्या चार भिंतींबाहेर कधी मिशनकार्यास गेली नाही, ती एक. आणि ज्याला एका जागी बसवत नसे तो हा दुसरा. ख्रिस्तसभेच्या घरात दोघांसही जागा आहे.

आता धर्मगुरूने यंत्राच्या इतके मागे लागावे काय, अशी शंका भाविकांच्या मनात येणे स्वाभाविक होय. प्रेषितांनी पायी प्रवास केला. आमच्या संत फ्रान्सिस झेवियरांनी अनवाणी किनारा तुडविला. मोटारीत बसणारा मिशनरी गरिबांपासून दूर जाईल, ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तशी उदाहरणे पाहिलेली आहेत. तथापि संत पौल रोमला गेले ते त्या काळच्या गलबतातूनच, आणि झेवियरही गोव्यास पोर्तुगेजांच्या जहाजातून आले. वैमानिकांस तर ख्रिस्तसभेने आधीच आपल्या पंखांखाली घेतले होते. देवदूतांनी जिचे घर आकाशमार्गे वाहून नेले अशी कथा आहे, ती लोरेटोची माता सन १९२० मध्ये वैमानिकांची आश्रयदात्री ठरली. पोप अकरावे पायस हेही नव्या साधनांस भिणारे नव्हते. सन १९३१ मध्ये मार्कोनीच्या हातून त्यांनीच व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र उभारविले.

ह्या पोपमहाराजांच्याच परवानगीने सन १९३६ मध्ये एक अपूर्व गोष्ट घडली. ‘हिंडेनबर्ग’ ही जर्मन वायुनौका ता. ६ मे रोजी उत्तर अमेरिकेच्या पहिल्या सफरीवर निघाली. तिच्या प्रवाशांत फादर शुल्टे होते, आणि समुद्रावर तरंगणाऱ्या त्या नौकेच्या दिवाणखान्यात त्यांनी मिस्साबलिदान अर्पण केले. आकाशात अर्पण झालेले हे पहिले मिस्सा म्हणून गाजले. त्या नौकेत हायड्रोजन वायू भरलेला असे आणि तो ठिणगीसरशी भडके उडवितो. म्हणून प्रवाशांपाशी आगपेटीदेखील राहू देत नसत. वेदीवर मेणबत्त्या ठेविल्या होत्या खऱ्या, परंतु त्या पेटविल्या नव्हत्या.

ही हकीकत त्या काळच्या वर्तमानपत्रांनी फार रंगवून सांगितली, आणि फादर शुल्ट्यांचे नाव आजही बहुतेकांस ठाऊक असते ते एवढ्याचसाठी. आम्हांस प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते की, त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट आमच्या मनास सर्वांत कमी भावते. त्या वायुनौकेच्या शेपटीवर हिटलरच्या राज्याचे स्वस्तिक रंगविलेले होते. ती नौका ही त्या राज्याची जगास दाखवावयाची शोभेची वस्तू होती, आणि तेच राज्य आपल्या घरी ख्रिस्तसभेच्या शाळा, तरुणांचे संघ व वृत्तपत्रे ह्यांची गळचेपी करीत होते. पवित्र मिस्सा कोठेही पवित्रच. परंतु वेदी जेथे मांडावी ती जागाही काही बोलत असते. फादर शुल्ट्यांस आपल्या संस्थेसाठी जगाचे लक्ष वेधावयाचे होते आणि ते वेधले गेले, हे खरे. बरोबर एका वर्षाने, ता. ६ मे १९३७ रोजी, तीच नौका अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे उतरता उतरता पेटली आणि ३६ माणसे प्राणास मुकली.

त्यांची खरी कसोटी लागली ती उत्तरेस.

कॅनडाच्या माथ्यावर हडसन नावाचा एक प्रचंड उपसागर आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर चेस्टरफील्ड इनलेट येथे फादर आर्सेन तुर्केतिल ह्या फ्रेंच ओब्लेटांनी सन १९१२ मध्ये ठाणे घातले. तेथील मूळ रहिवाशांस पूर्वी ‘एस्किमो’ म्हणत. ते स्वतःस इनुइट म्हणवितात आणि आपणही तसेच म्हणणे सभ्यपणाचे होय. पाच वर्षे फादर तुर्केतिल ह्यांस एकही श्रोता मनापासून मिळाला नाही. त्या मुलखात वार्ता किती मंद गतीने फिरत, ह्याचे एक उदाहरण देतो. सन १९१३ मध्ये पश्चिमेकडील कॉपरमाइन नदीच्या बाजूस फादर रुव्हिएर व फादर ल रू ह्या दोन ओब्लेटांचा खून झाला. पोलिसांचे पथक तेथे पोचून त्या गोष्टीचा उलगडा होईतो सन १९१६ उजाडले. दोन माणसे गेली ती कशी गेली, हे जगास कळावयास तीन वर्षे! अखेर सन १९१७ मध्ये चेस्टरफील्डला पहिले बाप्तिस्मे झाले. फादर तुर्केतिल त्याचे श्रेय छोट्या तेरेजेच्या मध्यस्थीस देत असत. पुढे ते बिशप झाले. सन १९३१ मध्ये ग्रे नन्स संघाच्या भगिनींनी चेस्टरफील्ड येथे तेरेजेच्याच नावाचे एक लहान रुग्णालय उघडले. कित्येक शेकडा मैलांच्या परिसरात तेवढाच एक दवाखाना.

परंतु दवाखाना उघडल्याने अंतर कमी होत नाही. ओब्लेटांची ठाणी उत्तरेकडे सरकत होती : रिपल्स बे, इग्लूलिक, आणि सर्वांत पलीकडे, बॅफिन बेटाच्या उत्तर टोकास, ७३ अंश अक्षांशावर, आर्क्टिक बे. ह्या पूर्वेकडील ठाण्यांस बाहेरच्या जगाचे तोंड दिसे ते वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या अखेरीस, हडसन बे कंपनीची ‘नॅस्कोपी’ ही आगबोट येई तेव्हा. ती वर्षाचे पीठ, कोळसा, पत्रे देऊन जाई. त्यानंतर बर्फ समुद्राचे दार लावून घेई. मग उरत ती कुत्र्यांची घसरगाडी, आणि तिचा मार्ग आठवड्यांचा.

सन १९३८ च्या ऑगस्टात आर्क्टिक बे येथील फादर ज्यूलियन कोशार हे आजारी असल्याची वार्ता आली. फादर शुल्टे त्या वेळी ह्याच मुलखात बिशप तुर्केतिल ह्यांच्या हाताखाली विमान चालवीत होते. बिचाऱ्या फुरमानांस जाऊन तेरा वर्षे झाली होती. पुन्हा एक ओब्लेट, पुन्हा दूरचे ठाणे, पुन्हा रोगी आणि वैद्य ह्यांच्यामध्ये ओसाड प्रदेश. फरक इतकाच की, ह्या खेपेस विमान हजर होते.

हे अंतर म्हणजे काय, ते समजून घेतल्यावाचून पुढील गोष्टीचे मोल कळावयाचे नाही. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील चर्चिल हे बंदर म्हणजे तिकडील लोहमार्गाचे शेवटचे टोक. तेथून आर्क्टिक बे सरळ रेघेत मोजले तरी हजार मैलांच्या आसपास. म्हणजे जाऊन येऊन दोन हजार मैलांहून अधिक. खाली एकही शेत नाही, झाड नाही, धूर नाही. नुसता खडक, दलदल, पाणी आणि त्या पाण्यात वाहणारे बर्फाचे तुकडे. नकाशे होते, परंतु किनाऱ्याच्या आतील भागात कागद बहुतेक कोराच असे. वैमानिकाचा एरवीचा सोबती म्हणजे होकायंत्र. पण पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव त्या काळी ह्याच प्रदेशालगत होता. म्हणून तेथे गेल्यावर सुई भ्रमिष्टासारखी फिरते, तिच्यावर विसंबून चालत नाही. तेव्हा किनाऱ्याची वळणे, नद्यांची मुखे व सूर्य ह्यांवर नजर ठेवून जावयाचे. सूर्य दिसतो तोवर ठीक. ऑगस्टात तेथे रात्र नावापुरतीच असते, एवढी एक अनुकूलता. पण थंड पाण्यावर उबदार वारा आला की धुके उठते आणि घटकाभरात किनारा, पाणी व आकाश एकच होऊन जाते.

पेट्रोलची चिंता आणखी निराळी. विमानात मावते ते एका वेळच्या पल्ल्यापुरते. पुढचे पेट्रोल पिंपांत भरून बोटीने आधीच्या वर्षी कोठेतरी नेऊन ठेविलेले असले तर मिळावयाचे. ते नसले, तर पोचलेले विमान परत येत नाही. उतरावयाचे ते पाण्यावर, आणि तरंगत्या पायांचा पत्रा पातळ. हाताएवढा बर्फाचा तुकडा पाण्याखाली दडलेला असला तर तो सुरीसारखा पत्रा चिरतो. इंजिन बिघडले तर दुरुस्तीस माणूस स्वतःच, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनीच. हिवाळ्यात तर रात्री इंजिनातील तेल काढून घरात चुलीजवळ ठेवावे लागते आणि सकाळी इंजिनास तंबूसारखे कापड पांघरून खाली शेगडी पेटवून ते ऊबवावे लागते, तेव्हा कोठे पंखा फिरतो. एखाद्या तान्ह्या पोरासारखी ही यंत्राची जोपासना.

अशा प्रदेशावरून फादर शुल्टे आर्क्टिक बे येथे पोचले, आपल्या आजारी बंधूस त्यांनी विमानात घेतले, आणि दक्षिणेस चेस्टरफील्डच्या भगिनींच्या रुग्णालयात आणून पोचविले. कुत्र्यांच्या गाडीस आणि ऋतूस जे साधले नसते ते काही दिवसांत झाले. वर्तमानपत्रांनी पुन्हा गाजावाजा केला. परंतु ह्या वेळी तो योग्यच होता, असे आम्हांस वाटते. आकाशातील मिस्साने जे जगास सांगता आले नव्हते ते एका रोग्याने सांगितले. त्या दिवशी विमानाच्या मागच्या बाजूस जो मनुष्य पांघरुणात गुंडाळून पडला होता, त्यास ते यंत्र नवे की जुने, जर्मन की अमेरिकन, ह्याची फिकीर नसणार. कोणीतरी आले, एवढेच.

येथे एक गोष्ट सांगावयाची ती आम्ही गाळणार नाही. त्या उत्तरेच्या मिशनाचा इतिहास सर्वच उजळ नाही. पुढे १९५० च्या दशकापासून चेस्टरफील्ड येथे इनुइट मुलांस आईबापांपासून दूर ठेवणारे वसतिगृह चालले. त्यास बिशप तुर्केतिल ह्यांचेच नाव दिले होते. तेथे व कॅनडातील तशाच इतर शाळांत मुलांचे हाल व अत्याचार झाले, त्यांची भाषा तोडली गेली. त्याबद्दल पोप फ्रान्सिस ह्यांनी जुलै २०२२ मध्ये स्वतः कॅनडास जाऊन क्षमा मागितली, आणि त्या यात्रेचा शेवटचा मुक्काम बॅफिन बेटावरील इकालुइट येथे इनुइट लोकांमध्येच केला. फादर शुल्टे हे वसतिगृहाच्या काळापूर्वीच त्या मुलखातून गेले होते. तरीही वाट जशी वैद्य नेते तशी इतरही पुष्कळ काही नेते, हे ध्यानात ठेवूनच त्या काळाकडे पाहिले पाहिजे.

सन १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि जर्मन वैमानिकास कॅनडाचे आकाश बंद झाले. फादर शुल्टे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत होते. सन १९४१ च्या अखेरीस तो देशही युद्धात ओढला गेला, आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले. इलिनॉय संस्थानातील बेलव्हिल येथे आपल्या संघाच्या सेमिनरीत त्यांस राहावे लागले. ज्याने ध्रुवाच्या दारापर्यंत उड्डाण केले त्याने आता एका आवाराची हद्द ओलांडावयाची नाही!

हे वाचताना आमच्या मनात आमचीच एक जुनी हकीकत आल्याशिवाय राहत नाही. मुंबई-पुणे मिशनात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी शाळा चालविल्या, अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून ते घोड्यावर व बैलगाडीत बसून हिंडले, मराठी शिकले. पहिल्या महायुद्धात त्यांस एकाएकी शत्रू ठरविण्यात आले. त्यांच्यापैकी पुष्कळांस स्थानबद्ध केले गेले, आणि १९१५-१६ साली ‘गोलकोंडा’ आगबोटीने इतर जर्मन मिशनऱ्यांबरोबर त्यांची बोळवण झाली. ज्या मुलांना त्यांनी वाचावयास शिकविले, त्या मुलांनी बंदरावर जाऊन निरोप देण्याचीही सोय नव्हती. धर्मगुरूचा देश कोणता, हा प्रश्न शांततेत कोणी विचारीत नाही. युद्धात मात्र पहिला प्रश्न तोच.

बेलव्हिलमधील सक्तीचा मुक्काम मात्र वांझ गेला नाही. फादर शुल्ट्यांची हिमवर्षावाच्या मातेवर भक्ती होती. ही ती माता, जिच्या नावाने रोमच्या एस्किलीन टेकडीवर ऐन ऑगस्टात बर्फ पडल्याची कथा आपण ५ ऑगस्टच्या सणास ऐकतो. उत्तरेच्या बर्फात मिशनकार्य करणाऱ्यांस तिच्याहून जवळचे नाव कोणते असणार? शुल्ट्यांच्या सांगण्यावरून जे. वॉटसन डेव्हिस ह्या चित्रकाराने तिचे एक चित्र काढले. त्यात ध्रुवाकडील रात्रीच्या आकाशात लहरणाऱ्या प्रकाशात माउली उभी आहे. सन १९४१ पासून बेलव्हिलच्या ओब्लेटांनी फादर एडविन गिल्ड ह्यांच्या पुढाकाराने तिच्या नवेना सुरू केल्या आणि ही भक्ती भोवतालच्या प्रांतांत पसरली. आज तेथे तिचे मोठे तीर्थस्थान आहे आणि मोटारींतून यात्रेकरू येतात. बर्फ तेथे हिवाळ्यातच पडते. पण चित्रातील प्रकाश ध्रुवाचाच आहे.

मिवा संस्था युद्धातून वाचली. सन १९४९ मध्ये ऑस्ट्रियातही तिची शाखा निघाली. तेथे वाटसरूंचा रक्षक संत ख्रिस्तोफर ह्याच्या सणाच्या सुमारास, जुलै महिन्यात, मोटारी चालविणारे लोक अपघातावाचून गेलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे एका सेंटचा दहावा हिस्सा ह्याप्रमाणे दान देतात. ही कल्पना आम्हांस मोठी रसाळ वाटली. सुखरूप घरी पोचल्याबद्दल आभार मानावयाचे, आणि त्या आभारातून दुसऱ्या कोणास तरी पोचविणारी सायकल, खेचर, होडी किंवा रुग्णवाहिका घ्यावयाची. होय, खेचरसुद्धा! जेथे चाक चालत नाही तेथे ही संस्था जनावर देते. फादर शुल्ट्यांचे ब्रीद यंत्राचे नव्हते, पोचण्याचे होते, हे त्यांच्या मागून आलेल्यांनी बरोबर ओळखले आहे.

आमच्या वाड्यांवर आता रस्ते झाले आहेत. पावसाळ्यातही धर्मगुरू स्कूटरवरून किंवा मोटारीने घटकाभरात येतात, आणि कंदील-घंटेची ती मिरवणूक पाहिलेली माणसे मोजकीच उरली आहेत. तरी ज्या रात्री एखाद्या घरी रोझरीच्या मण्यांबरोबर दाराकडे पाहिले जाते, ती रात्र बदललेली नाही.

फादर शुल्टे वृद्धापकाळी आफ्रिकेत गेले. ज्या देशात त्यांचे मित्र फादर ओटो फुरमान वाहनावाचून वारले होते, त्याच नैर्ऋत्य आफ्रिकेत, समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड गावी, सन १९७५ मध्ये त्यांनी देह ठेविला.